माकडहाडाचा खटला

...आणि वकील वर म्हणतो कसा, "बसा ना!" अहो, बसा काय बसा? बसता येत असतं तर तुझ्या दारात आलो असतो कशाला? नाही, तुम्हीच सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला कुणी म्हणतं का, "तोवर पेपर वाचा"? पण वकिलाकडे जा, बँकेत जा, साहेबाकडे जा, सोयऱ्याकडे जा, माणूस दारात दिसला रे दिसला की पहिला शब्द कुठला? बसा! पाणी नंतर, चौकशी नंतर, आधी बसा. आपल्या लोकांना उभा माणूस बघवतच नाही. उभा माणूस म्हणजे एक तर उधारी मागायला आलाय, नाही तर भांडायला. तिसरं काही त्यांच्या डोक्यात येत नाही.

तुम्हाला सांगतो, मी शाळेची बस चालवतो. चालवतो म्हणा, चालवायचो म्हणा, त्याचाच तर सगळा घोळ आहे. म्हणजे माझा धंदाच मुळी बसण्याचा. कुणाचं डोकं चालतं, कुणाचे हात चालतात, माझी बैठक चालते. पोरं चढतात, पोरं उतरतात, दप्तर विसरतात, डबा विसरतात, एकदा तर एक पोरगी धाकट्या भावालाच विसरून उतरली, आणि मी आपला बसलेला. वर्षानुवर्षं त्याच सीटवर. ती सीट माझ्या अंगाची अशी झालीय की बदली ड्रायव्हर चढला की म्हणतो, ह्यात आधीच कुणीतरी बसलंय.

अशा माणसाचं मोडायचंच होतं तर हात मोडावा, पाय मोडावा, गेला बाजार एखादी बरगडी मोडावी. चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी मोडावं! माझं काय मोडलं? माकडहाड. हसा, हसून घ्या, मी थांबतो. डॉक्टरसुद्धा हसला. तो म्हणतो खोकलो, पण मी रोज चाळीस पोरं नेतो-आणतो, मला खोकला आणि हसू यातला फरक कळतो. हात मोडला की प्लास्टर असतं, प्लास्टरवर पोरं सह्या करतात, बसमध्ये लोक उठून जागा देतात. माकडहाड मोडलं तर दाखवणार काय? आणि कुणाला? म्हणतात ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य. मला जावई नाही अजून, पण मेहुणा आहे, तो पुरतो.

आता मोडलं कसं, तर पलंगाच्या दुकानात. लेक मोठी झाली, तिला स्वतंत्र पलंग पाहिजे, बायको म्हणाली चला. गेलो. ही मोठी शोरूम, एका ओळीत पलंग मांडलेले, त्यावर गाद्या, गाद्यांवर चादरी, आणि प्रत्येक पलंगावर पाटी, "झोपून बघा". मी घरी न विचारता झोपणारा माणूस, इथे तर आमंत्रण! बायको पडद्यांच्या बाजूला गेली, मी एक पलंग निवडला, चपला काढल्या, हो, संस्कार आहेत, आणि हळूच, अगदी हळूच टेकलो. टेकलो काय, गेलोच! गादी खाली, मी गादीत, आणि चौकटीची कडा बरोबर त्या जागी. डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतात ते मी दुपारी भर दिव्यांच्या उजेडात पाहिले.

मॅनेजर धावत आला. मला वाटलं, उचलायला आला. तो आधी पलंग बघून आला, मग गादी बघून आला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही उडी मारलीत."

उडी? मी? अहो, मला पायऱ्या चढताना कठडा लागतो! पन्नाशी उलटलेला माणूस, बायको पडद्यांपाशी, आणि मी भर दुकानात गादीवर उड्या मारतोय? पण तुम्हाला सांगतो, खोट्याचे पाय लांब. त्या एका शब्दानं माझं जे केलं ते माकडहाडानं नाही केलं. दुकानानं लेखी कळवलं, उडी मारली, भरपाई नाही. शेजारी चौकशीला आले आणि जाता जाता म्हणाले, या वयात जपायला हवं हो. सासूबाईंनी फोनवर बायकोला विचारलं, लहानपणापासूनच असे आहेत का? आणि माझी स्वतःची लेक, रात्री हळूच येऊन म्हणते, "बाबा, मारली असली तरी मला सांगा, मी आईला नाही सांगणार." चोर तो चोर आणि वर शिरजोर, तो दुकानदार. आणि मी पडलो तो पडलो, वर उडाणटप्पू ठरलो.

आणि पगार बंद. बसचे मालक म्हणाले, तुमची सीट राखून ठेवतो, पण कायमची नाही, बदली ड्रायव्हर बरा आहे. उपचार महागडे, ते केले तर बसता येणार, बसता आलं तर गाडी चालवणार, गाडी चालवली तर उपचारांचे पैसे येणार. आता ही साखळी कुठून धरायची सांगा. लोक म्हणतात, घरी बसून खा. अहो, बसून खायला तरी बसता यायला नको?

घरात वेगळीच तऱ्हा. मी आपला दिवसभर उभा, नाही तर पालथा. पालथ्या माणसाला काम सांगता येत नाही, पण उभा दिसला की संपलं. "उभेच आहात तर जरा पंखा पुसा." "उभेच आहात तर दूध बघा, उतू जाईल." "बाबा, उभेच आहात तर दार उघडा." तुम्हाला सांगतो, महिन्याभरात मला घरातल्या प्रत्येक फळीवरचा प्रत्येक डबा कळला. बाहेर सगळे म्हणतात बसा, घरात सगळे म्हणतात उभेच आहात तर. माणसानं जायचं कुठे?

शेवटी मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दावा ठोका." हा माझ्या बायकोचा भाऊ, याच्या ओळखीचा माणूस सगळीकडे असतो आणि ऐन वेळी रजेवर असतो. मी म्हटलं, शहाण्या माणसानं कोर्टाची पायरी चढू नये. तो म्हणाला, शहाणा माणूस पलंग तपासून झोपतो. गेलो त्याच्या ओळखीच्या वकिलाकडे.

छोटीशी खोली, टेबलावर फायली, फायलींच्या मागे टक्कल. टक्कल वर न बघता म्हणालं, "बसा." मी म्हटलं, साहेब, बसता येत असतं तर आलो असतो कशाला? त्यांनी मान डोलावली, म्हणाले, समजतं मला, पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस जाणता आहे. मग ते हळू आवाजात विचारायला लागले. कधीपासून त्रास आहे? म्हटलं, पलंगावर पडल्यापासून. त्यांनी लिहून घेतलं. घरी कुणाला माहीत आहे? म्हटलं, सगळ्यांना, सासूबाईंनासुद्धा. त्यांनी तेही लिहून घेतलं, मोठा उसासा टाकला आणि म्हणाले, मुलगी कुणाकडे राहणार? मी म्हटलं, मुलगी कशाला कुठे राहील? ती काय पलंगाबरोबर येते? तेव्हा कुठे उलगडलं, हे गृहस्थ फक्त घटस्फोट करतात! मेहुण्याच्या मित्राचा यांनीच केलेला. अर्ध्या तासात यांनी माझा संसार मोडत आणला होता आणि त्या अर्ध्या तासाची फी घेतली ती वेगळीच. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले वकील? मी म्हटलं, तू चांगली आहेस म्हणाले.

दुसरा वकील मी माझा शोधला. मोठ्या रस्त्यावर पाटी दिसली, अपघात, इजा, भरपाई, त्याखाली वकिलाचा हसरा फोटो. लोकांची हाडं मोडतात आणि हा हसतोय, तिथेच ओळखायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. काचेची इमारत, काचेची दारं, लिफ्टमध्ये आरसे, आणि वर गेलो तर सोफा. असा सोफा, की त्यात बसलेला माणूस काढायला दोघं लागावीत. टेबलामागची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बसा ना सर." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, सर, साहेबांना वेळ लागेल, बसा. मी म्हटलं, बाई गं, बसता येत असतं तर आलो असतो कशाला? तिनं आत फोन करून सांगितलं की एक गृहस्थ आलेत आणि ते रागावलेत.

साहेबांनी आत बोलावलं, घड्याळाकडे बघितलं, म्हणाले, काय गेलंय? अहो, काय झालंय नाही, काय गेलंय! मी म्हटलं, माकडहाड. त्यांचा चेहरा असा पडला, जसा काही त्यांचाच नातेवाईक गेला. "हात नाही का गेला?" मी म्हटलं, नाही हो. "पाय?" नाही. "निदान शुद्ध तरी हरपली होती?" म्हटलं, नाही, मी सगळं शुद्धीत सोसलं. मग ते उठून माझ्या मागे आले, बोट लावून जागा बघितली, आणि इतक्या हळहळीनं म्हणाले, अरेरे, चार बोटं वर लागलं असतं तर मणका होता! तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कमी लागल्याची लाज वाटली. मी चक्क माफी मागितली त्यांची. म्हटलं, पुढच्या वेळी बघतो. आणि एवढं होऊन केस घ्यायला तयार होते बरं का, फक्त फी सगळी आधी. हरलो तर? म्हणाले, हरलात तर अनुभव.

खाली उतरलो तो रडकुंडीला आलो होतो. हे हसण्यावारी नका नेऊ. मी फुटपाथवर उभा, सगळं जग बसलेलं, बसमध्ये, गाडीत, बाकावर, दुकानांच्या पायऱ्यांवर, आणि मला एकच वाटत होतं, की मी उडी मारली नव्हती आणि हे ऐकून घ्यायला या अख्ख्या गावात एक माणूस नाही.

तसाच औषधाच्या दुकानात गेलो, मला ती मधे भोक असलेली उशी घ्यायची होती. दुकानदारानं न हसता उशी काढली, आणि पैसे घेता घेता म्हणाला, लाँड्रीच्या वर एक वकीलबाई आहेत, माझ्या भावाचा पाय त्यांनीच सोडवला. मी म्हटलं, पाय सोडवला म्हणजे? म्हणाला, पाय तसाच आहे, पण पैसे सोडवले.

जिना चढलो. खाली इस्त्रीची वाफ, वर एकच खोली, दार उघडं. आत एक उंच टेबल, छातीला लागेल एवढं, त्यामागे एक बाई उभी, कानामागे पेन्सिल. मी दारात थांबलो. वाट बघतोय, आता म्हणेल, आता म्हणेल... तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जरा खालीच जास्त, आणि म्हणाली, "या, बोला." मी खोलीभर बघतो तर खुर्चीच नाही! एकही नाही! अहो, मला भरूनच आलं. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे खुर्ची नाही? त्या म्हणाल्या, ठेवत नाही. बसलेला माणूस जन्मापासून सुरुवात करतो, उभा माणूस मुद्द्याचं बोलतो. आणि बाकीचे अशील म्हणे तिथे दहा मिनिटांत एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात, मी मात्र घरच्यासारखा तासभर उभा.

त्यांनी हात गेला का विचारलं नाही, मुलगी कुणाकडे विचारलं नाही. विचारलं काय? पडल्यावर काय दिसलं! हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरनं विचारलं नाही, मेहुण्यानं नाही, बायकोनंसुद्धा नाही, तिनं फक्त पडलात कसे हेच विचारलं. मी डोळे मिटले. म्हटलं, गादी एका बाजूला सरकलेली, वर दिवा, आणि शेजारी चौकट. चौकटीत गादीखालच्या आडव्या फळ्या असतात ना, त्या... त्या दोनच होत्या. बाकी नुसती भोकं. स्क्रूची रिकामी भोकं, स्वच्छ, एका ओळीत. बाईंनी पेन्सिल काढली. म्हणाल्या, मोडलेल्या फळ्या खाली पडल्या होत्या का? म्हटलं, नाही, खाली मीच होतो. मग त्या पहिल्यांदा हसल्या.

आता फी. मी छातीवर दगड ठेवून विचारलं. म्हणाल्या, जिंकलो तर मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा. हरलो तर काही नाही. मी म्हटलं, काही नाही म्हणजे? म्हणाल्या, काही नाही म्हणजे काही नाही. "मी हरणाऱ्याची केस घेतच नाही. मला या खोलीचं भाडं भरायचं असतं."

घरी येऊन सांगितलं. मेहुणा ताडकन उठला, तिसरा हिस्सा? लुटलं भाऊजी तुम्हाला! हाड तुमचं, कळा तुमच्या, आणि तिसरा हिस्सा तिचा? बायको वेगळ्याच काळजीत. हरलो तर फुकट? मग ती बाई खाते काय? फुकट वकील कसा असेल, फुकट मिळालेलं मांजरसुद्धा धड नसतं. दोघं भांडायला लागले, एकाला ती महाग पडत होती आणि एकीला स्वस्त. पण तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतके दिवस सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. ही पहिली बाई, जिनं स्वतःचं भाडं माझ्या शब्दावर लावलं. मी म्हटलं, ठरलं. तिसरा काय, अर्धा मागितला असता तरी दिला असता. तेव्हा दिला असता, हे लक्षात ठेवा.

तारीख पडली. कोर्ट भरलेलं, दुकानाचा वकील आलेला, असा गुळगुळीत माणूस, दाढी गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर विचारूच नका. त्याचं नाव मी मनात गुळगुळीतच ठेवलं. जजसाहेब आले, सगळे उठले. जजसाहेब म्हणाले, बसा. सगळे बसले. मी उभा. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, बसा. मी उभा. तिसऱ्यांदा जरा दरडावून म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून निसटलंच, "साहेब, बसता येत असतं तर आलो असतो कशाला?" बाईंनी कपाळाला हात लावला, पण जजसाहेबांनी काहीतरी टिपून घेतलं.

गुळगुळीत उठला. काय बोलला, काय बोलला! म्हणाला, या माणसाला बसता येतं. बसणं ही निसर्गानं दिलेली देणगी आहे. तान्हं मूल बसतं, म्हातारा बसतो, हा धडधाकट गृहस्थ का बसणार नाही? बसण्यासाठी जे लागतं ते सगळं यांच्याकडे भरपूर आहे, कोर्टानं स्वतः पाहावं. आणि सगळं कोर्ट वळून बघायला लागलं! आमच्या सासूबाईसुद्धा चष्मा पुसून बघतायत! मग म्हणाला, माकडहाड म्हणजे काय? गेलेल्या शेपटीची उरलेली खूण. ज्याचा उपयोगच नाही त्याची भरपाई कसली? अर्धा तास बोलला. तुम्हाला सांगतो, इतकं पटण्यासारखं बोलला की मलाच एकदा वाटलं, बसून बघावं का!

मग मॅनेजरची साक्ष. तोच तो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दुकानाचा बिल्ला. ठणकावून सांगितलं, यांनी उडी मारली. माझ्या बायकोनं मागून इतक्या जोरात श्वास सोडला की शिपायानं वळून बघितलं.

आमच्या बाई उठल्या. म्हणजे त्या उभ्याच होत्या, पुढे आल्या. मला वाटलं, आता झाडणार त्याला. कसलं काय! गोड आवाजात म्हणतात, तुमच्या दुकानाच्या सेवेचं फार नाव ऐकलंय. मी गार! हिचा तिसरा हिस्सा आहे ना यात, की विसरली? मॅनेजर मात्र फुलला. म्हणाला, सेवेच्या बाबतीत आमचा हात कुणी धरणार नाही. बाई म्हणाल्या, समजा, मी पलंग नेला आणि घरी एक फळी कमी निघाली, तर? तो म्हणाला, फोन करायचा, त्याच दिवशी फळी घरपोच. बाई म्हणाल्या, त्याच दिवशी? कारखाना जवळ असेल. नाही हो, म्हणाला, कारखाना लांब, माल महिन्यातून एकदाच येतो, पण ग्राहकाला थांबवायचं नाही हे आमचं ब्रीद, गेल्या वर्षभरात एकालाही थांबवलं नाही. छाती अशी पुढे आलेली, बिल्ला हलत होता.

बाई म्हणाल्या, "मग त्याच दिवशी फळी आणता कुठून?"

तो म्हणाला, "डिस्प्लेच्या पलंगातून काढतो."

अभिमानानं म्हणाला हो! त्याला कळलंच नाही. गुळगुळीतला मात्र कळलं, तो अर्धा उठला आणि तसाच राहिला, ना बसलेला ना उभा, मला त्याची दया आली, ती अवस्था मी जाणतो. बाईंनी आवाज तसूभरही चढवला नाही. विचारलं, आणि त्या पलंगात फळी परत कधी घालता? म्हणाला, माल आला की. तोवर? तोवर गादी असते ना वर, दिसत नाही. आणि "झोपून बघा" ही पाटी? म्हणाला, पाटी कायमची असते, ती चिकटवलेली आहे.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग शिपाई हसला, आणि शेवटी जजसाहेब खोकले. मला खोकला कळतो!

निकाल लागला. पूर्ण भरपाई, उपचार, बुडालेला पगार, दाव्याचा खर्च, सगळं. आणि निकालात काय लिहिलंय? अर्जदारानं उडी मारली नव्हती! सरकारी शिक्क्यानिशी! मी सासूबाईंना फोनवर नाही, समोर उभं राहून वाचून दाखवलं. शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं तरी. लेकीला म्हटलं, बघ. ती येऊन बिलगली, आणि म्हणाली, "बाबा, मी उगाच विचारलं." मला वाटलं, माकडहाड मोडलं ते वसूल झालं.

मग फी द्यायची वेळ आली. अहो, तिसरा हिस्सा तोंडानं म्हणायला सोपा असतो! समोर बघितला की कळतं, तो किती जाडजूड असतो. माझा हात काही केल्या सुटेना. मेहुणा कानाशी, भाऊजी, जरा घासाघीस करून बघा, गरज सरो वैद्य मरो. तेव्हा बायकोनं माझ्या हातातून पाकीट ओढलं आणि दोन्ही हातांनी बाईंना दिलं. म्हणाली, "घ्या. तुम्ही नसता तर ती उडी जन्मभर आमच्या माथी बसली असती." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे तीसुद्धा... जाऊ दे. बाईंनी पाकीट घेतलं आणि मला म्हणाल्या, पुन्हा पडू नका, पडलात तर नीट बघत पडा.

उपचार झाले. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, बसा. बसलो! अहो, काय सांगू, बसलो! कळ नाही, काही नाही! घरी येऊन सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसलो. जिन्यात बसलो, पाण्याच्या टाकीवर बसलो. बायको म्हणाली, पंखा तेवढा... मी म्हटलं, बसलोय. काय तो शब्द! दुसऱ्या दिवशी कपडे इस्त्री केले, निकालाची प्रत खिशात घातली, ताठ मानेनं मालकांकडे गेलो. म्हटलं, आलो परत. मालक खूश झाले, निकाल मागून घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आणि वाचता वाचता चेहरा उतरला. म्हणाले, यात तर लिहिलंय की तुम्हाला बसता येत नाही.

मी म्हटलं, तेव्हा येत नव्हतं, आता येतंय, हे बघा! आणि बसून दाखवलं. ते म्हणाले, तुम्ही बसाल हो, पण कोर्टानं म्हटलंय नाही येत. उद्या काही झालं तर विमा कंपनी मला विचारेल, कोर्टानं नाही म्हटलेल्या माणसाला चाळीस पोरांच्या पुढे बसवलंत कसं? डॉक्टरचा कागद पुढे केला, तर म्हणाले, डॉक्टर मोठा की कोर्ट? आणा कोर्टाचं, सीट तुमची. आणि तिकडे बदली ड्रायव्हर माझ्या खड्ड्यात आरामात बसलेला.

धावत बाईंकडे. बाई म्हणाल्या, दावा होईल, जिंकालही, पण मला घेता येणार नाही. तुम्हाला बसता येत नाही हे मीच तर सिद्ध केलं, आता त्याच कोर्टात कुठल्या तोंडानं सांगू की येतं? दुसरा वकील बघा. तुम्हाला बसता येतं हे ज्याला मनापासून पटलंय असा.

आता असा माणूस गावात एकच. ज्याला एकट्याला हे सुरुवातीपासून पटलेलं होतं. ज्याचं अर्ध्या तासाचं भाषण तयार आहे, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत. गेलो. मला बघितल्यावर गुळगुळीत क्षणभर दचकला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, त्याचा चेहरा उजळत गेला, आणि त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली.

"बसा," म्हणाला.

बसलो. तर गहिवरून सगळ्या ऑफिसला हाक मारतोय, या रे, बघा, मी तेव्हापासून हेच सांगत होतो ना! आता त्या दुकानाच्या पैशातले उरलेले याला देऊन, हाच खरा होता हे मला सिद्ध करायचंय. काय करता!